निसर्गानुरूप गृहरचना

निसर्गानुरूप गृहरचना : घर ज्या भूभागावर उभे राहावयाचे, त्या भूभागाचा उतार, खडक, पाणी, वृक्ष, वारा व ऊन यांचे स्वरूप ध्यानी घेऊन आणि त्यांत शक्य तितका कमी फेरफार करून केलेली घराची रचना. अशा घराचे बाह्यरूप परिसराशी एकजीव होते व त्यामुळे ते तेथे उपरे वाटत नाही. केवळ घराभोवती बाग केल्याने किंवा भिंतींवर वेली चढविल्याने हा परिणाम साधत नाही. जमिनीवर घर कसे टेकते, पावसाचे पाणी कोठून येते व कोठे जाते आणि घर कशाचे बांधले आहे, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर तो मुख्यतः अवलंबून असतो.

प्रारंभ जमिनीच्या पाहणीपासून करावा लागतो. समोच्च रेषांच्या नकाशावर मोठे खडक, झाडे व ओहळ यांच्या जागा अचूक दाखविलेल्या असल्या, तरच त्यांना वळसा घालून घराचा आराखडा आखता येतो. उतारावर घर बांधण्याच्या तीन पद्धती आहेत. वरच्या बाजूची माती कापून खालच्या बाजूस भर घालावयाची व सपाट चौथरा करावयाचा, ही सर्वांत रूढ व सर्वांत हानिकारक पद्धत होय. कापलेला कडा आधाराअभावी सैल होतो, तर नव्या भरावात पाणी मुरून तो खचतो. घर खांबांवर उचलून धरावयाचे ही दुसरी पद्धत. तीत जमीन जवळजवळ अबाधित राहते. परंतु घराचा जमिनीशी संबंधही तुटतो. तिसऱ्या पद्धतीत घराच्याच पायऱ्या पाडतात. म्हणजे खोल्यांच्या जमिनी उताराबरोबर टप्प्याटप्प्याने खाली उतरत जातात. तीत बांधकामास अधिक कौशल्य लागते आणि घरात वावरताना चढउतार करावा लागतो, ही वृद्धांच्या दृष्टीने अडचण खरी. पण जमिनीचा आकार घरात उतरतो तो याच पद्धतीने.

टेकडीच्या माथ्यावर घर बांधले, तर टेकडीची आकाशरेषा मोडते. घराला वाराही अधिक लागतो. माथ्याच्या थोडे खाली, कडेच्या अंगाने घर बसविल्यास टेकडी टेकडीच राहते व घरालाही तिचा आडोसा मिळतो. आयर्लंड या नावाशी ध्वनिसाम्य असलेल्या, परंतु अगदी निराळ्या अशा आइसलँड या बेटावरील जुनी घरे या बाबतीत पाहण्यासारखी आहेत. लाकडाची टंचाई असल्यामुळे तेथे दगडी पायावर गवताच्या मुळांनी घट्ट झालेल्या मातीच्या लाद्या रचून जाड भिंती व छपरे करीत. छपरावर गवत वाढतच राही. सौंदर्यदृष्टीने कोणी हे केलेले नव्हते. थंडीचे निवारण हाच हेतू होता.

कोकण व गोवा येथील पारंपरिक घरांबाबतही हेच म्हणता येईल. जांभा हा तेथला दगड ताजा असताना कुऱ्हाडीसारख्या हत्याराने चिरे पाडता येतील इतका मऊ असतो आणि उघड्या हवेत तो कठीण होतो. त्यामुळे घराच्या आसपासच खाण पाडून चिरे काढता येत. परिणामी घराचा रंग आणि सड्याचा रंग एकच. वर्षाकाठी २५०० मिमी.हून अधिक पाऊस अंगावर घेणाऱ्या या भागात छपराचा उतार तीव्र व पाखे खालपर्यंत ओढलेले असतात, त्यामुळे झडीचे पाणी भिंतीपर्यंत पोहोचत नाही. पुढे पडवी व ओटी, मध्ये माजघर, मागे परसू आणि सभोवती माड-पोफळी, अशी ही रचना दुरून पाहिल्यास केवळ छपराच्या एका लांब रेषेने कळते. पूर्वी छपरावर गवत किंवा नळीची कौले असत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मंगळूरी कौले आली, ती यंत्रावर केलेली असूनही या भूदृश्यात चटकन सामावून गेली, कारण तीही लाल मातीचीच होती. याउलट विसाव्या शतकाच्या अखेरीस सपाट काँक्रीटच्या गच्च्या आल्या. त्या गळू लागल्यावर त्यांवर पत्र्याची दुसरी छपरे चढवावी लागली, हे कोकणात कोणत्याही गावी दिसते.

आधुनिक वास्तुकलेत या विचाराला सिद्धांताचे रूप दिले ते प्रामुख्याने फ्रँक लॉइड राइट (१८६७–१९५९) या अमेरिकन वास्तुशिल्पज्ञाने. वनस्पती जशी आपल्या जमिनीतून व आपल्या अंतर्गत गरजांतून वाढते, तशी वास्तू वाढली पाहिजे, असे त्याचे प्रतिपादन होते. या वास्तुप्रकारास तो सेंद्रिय वास्तुकला म्हणे. विस्कॉन्सिन राज्यात स्प्रिंग ग्रीनजवळ १९११ मध्ये त्याने स्वतःसाठी बांधलेल्या घरास त्याने ‘टॅलीएसिन’ हे वेल्श नाव दिले. त्याचा अर्थ ‘तेजस्वी भाळ’ असा होतो. घर टेकडीच्या डोक्यावर नसून कपाळाच्या जागी आहे, हे त्यातून सुचविलेले आहे. ॲरिझोनाच्या वाळवंटात १९३७ नंतर उभारलेल्या ‘टॅलीएसिन वेस्ट’मध्ये त्याने तेथील रंगीत दगडधोंडे साच्यात रचून मधल्या फटींत काँक्रीट ओतले आणि छपरांसाठी प्रथम कापड वापरले. एकाच कलावंताची ही दोन घरे परस्परांहून इतकी भिन्न दिसतात, याचे कारण त्यांची जमीन भिन्न आहे.

फॉलिंगवॉटर : या विचाराचे सर्वांत प्रसिद्ध आणि सर्वांत धाडसी उदाहरण म्हणजे पेनसिल्व्हेनिया राज्याच्या नैर्ऋत्य भागातील ‘फॉलिंगवॉटर’ हे घर होय. पिट्सबर्ग येथील एका मोठ्या दुकानाचे मालक एडगर जे. कॉफमन यांची बेअर रन या ओढ्याकाठी वनभूमी होती. सुटीच्या दिवशी हे कुटुंब तेथे येई, धबधब्याखाली पोहे व मोठ्या खडकावर ऊन खात पडे. कॉफमन यांचा मुलगा राइटच्या शिष्यशाळेत काही काळ होता. त्यातून हा परिचय झाला. डिसेंबर १९३४ मध्ये राइटने जागा पाहिली आणि मोठे खडक व वृक्ष दाखविणारा नकाशा मागविला. नकाशा आल्यावरही त्याने कित्येक महिने कागदावर रेघ ओढली नाही. सप्टेंबर १९३५ मध्ये कॉफमन आराखडा पाहण्यास मोटारीने निघाले, तेव्हा ते येऊन पोहोचेपर्यंतच्या दोनएक तासांत त्याने सर्व मजल्यांचे आराखडे काढले, अशी आठवण त्याच्या शिष्यांनी सांगितली आहे. घर डोक्यात पूर्ण झालेले असल्याखेरीज हे शक्य नव्हते.

धबधबा समोर दिसेल असे घर कॉफमन यांना अपेक्षित होते. राइटने घर धबधब्याच्या माथ्यावरच ठेवले. त्यामुळे घरातून धबधबा दिसत नाही. तो ऐकू येतो. पाण्याकडे तोंड करून बसण्याची जागा न देता त्याने पाण्यासह राहण्याची जागा दिली, आणि या एका निर्णयातून घराचे पुढील सर्व गुण व दोष उद्भवले.

घराचा पाठीकडचा भाग ओढ्याच्या उत्तर काठावरील कड्याला लागून आहे. तेथील उभ्या दगडी भिंती जवळच काढलेल्या वालुकाश्माच्या असून चिऱ्यांचे थर मुद्दाम कमीअधिक पुढेमागे ठेवले आहेत. त्यामुळे कड्याचे नैसर्गिक स्तर आणि भिंतीचे थर यांत सातत्य भासते. या दगडी गाभ्यातून प्रबलित काँक्रीटच्या गच्च्या ओढ्यावर आडव्या झेपावतात. घरातील बंदिस्त जागा सु. २६८ चौ. मी. व गच्च्या सु. २२७ चौ. मी. आहेत, म्हणजे जवळजवळ निम्मे घर उघड्यावर आहे. काँक्रीटला फिकट पिवळसर मातकट आणि खिडक्यांच्या पोलादी चौकटींना तांबडा, असे दोनच रंग वापरले आहेत. दगडी भिंतीला जेथे काच भिडते, तेथे चौकट न घालता काच सरळ दगडात बसविली आहे. त्यामुळे एकच भिंत आतून बाहेर अखंड गेलेली दिसते. खोल्यांच्या कोपऱ्यांतील खिडक्या उघडल्या, की कोपरा नाहीसा होतो. छत सखल असल्यामुळे नजर वर न जाता आडवी, झाडीकडे जाते. वाटेवरील काँक्रीटच्या तुळयांपैकी एक झाडाला वळसा घालून वाकविलेली आहे.

ज्या खडकावर कॉफमन कुटुंब ऊन खात बसे, तो खडक बैठकीच्या खोलीत शेकोटीपुढे जमिनीतून वर आलेला आहे. राइट तो छाटून जमिनीच्या पातळीस आणणार होता. तो तसाच ठेवावा, ही सूचना मालकांची, आणि राइटला ती मानवली. खोलीतील फरशीला मेणाची झिलई आहे, खडकाला मात्र नाही. त्यामुळे वाहत्या पाण्यातून कोरडा दगड वर यावा, तसा तो भासतो. याच खोलीतून एक लटकता जिना थेट ओढ्याच्या पाण्यावर उतरतो. व्यवहाराच्या दृष्टीने त्याचा उपयोग फारसा नाही. पण त्याच्या वरचे काचेचे झाकण सरकविले, म्हणजे पाण्याचा गारवा व आवाज वर येतो.

मुख्य घर १९३७ मध्ये व टेकडीवरील पाहुण्यांचे घर १९३९ मध्ये पूर्ण झाले. एकूण खर्च सु. १ लाख ५५ हजार डॉलर झाला. मूळ अंदाजाच्या तो कितीतरी पट होता.

गच्च्यांची रचना कॅंटिलिव्हर पद्धतीची, म्हणजे एका टोकाशी जखडलेली व दुसऱ्या टोकाशी निराधार अशी आहे. बैठकीच्या खोलीची जमीन आपल्या आधारापलीकडे सु. ४.५ मी. पुढे गेली आहे. झाडाची फांदी जशी खोडातून निघते तशी ही रचना आहे, हे वर्णन सर्वत्र केले जाते व ते सुंदरही आहे. परंतु फांदी लवते हेही त्यात आलेच. अशा तुळईच्या वरच्या भागात ताण व खालच्या भागात दाब पडतो. काँक्रीट दाब चांगला सोसते, ताण सोसत नाही. म्हणून वरच्या भागात पोलादी सळया पुरेशा घालाव्या लागतात. कॉफमन यांनी पिट्सबर्गच्या अभियंत्यांचे मत घेतले, तेव्हा त्यांनी या रचनेविषयी शंका व्यक्त केली. राइट संतापला व मालकांनी त्याच्यावर विश्वास ठेवण्याचे ठरविले. तरीही काम चालू असताना त्याला न कळविता तुळयांत अधिक सळया घालण्यात आल्या. साचे व टेकू काढताच गच्ची सु. ४.५ सेंमी. खाली झुकली. भार आल्यावर तुळई थोडी लवणार हे गृहीत धरून साचे मुळातच किंचित उंचावून बांधतात. येथे तेवढी काळजीही घेतली गेलेली नव्हती. पश्चिमेकडील गच्चीखाली मालकांनी आधाराची एक दगडी भिंत घालून घेतली होती. राइटच्या सांगण्यावरून त्याच्या शिष्याने तिचा वरचा थर गुपचूप काढून टाकला आणि गच्ची त्याविना काही आठवडे उभी आहे, हे मालकांना नंतर दाखविण्यात आले. तो आत्मविश्वास पुढे अपुरा ठरला.

कठड्यांना तडे जात राहिले. छपरे व गच्च्या गळत. पाणी धरण्यासाठी घरात भांडी ठेवावी लागत, आणि कॉफमन यांनी त्यावर थट्टेने बुरशीवरून घराला टोपणनावही ठेवले होते. १९५६ मधील पुरात ओढ्याचे पाणी बैठकीच्या खोलीत शिरले. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात केलेल्या मापनांत गच्च्यांची टोके सु. १८ सेंमी. पर्यंत खाली आलेली आढळली. अभियंत्यांच्या गणितातून आणखी एक गोष्ट निष्पन्न झाली. वरच्या मजल्यावरील गच्ची स्वतःच्या बळावर उभी नसून खालच्या खोलीच्या खिडक्यांतील पोलादी पट्ट्यांमार्फत आपला भार खालच्या तुळयांवर टाकीत होती. म्हणजे खालच्या तुळया दोन गच्च्यांचे ओझे पेलीत होत्या. अधिकच्या सळया घातल्या नसत्या, तर हे घर टिकले असते की नाही याची शंकाच आहे. १९९७ मध्ये ओढ्यात पोलादी टेकू उभारून घर तात्पुरते सावरण्यात आले. २००२ मध्ये बैठकीच्या खोलीतील फरशा क्रमांक घालून उचलण्यात आल्या, मुख्य तुळयांच्या बाजूंनी मजबूत पोलादी दोर घालून ते यंत्राने ताणण्यात आले व फरशा पुन्हा जागच्या जागी बसविण्यात आल्या. झुकाव पूर्णपणे काढण्याचा प्रयत्न हेतुपुरस्सर केला नाही, कारण त्याने नवे तडे गेले असते. घराचे झुकणे थांबले, घर झुकलेलेच राहिले.

कॉफमन यांच्या मुलाने १९६३ मध्ये हे घर व सभोवतालची वनभूमी पश्चिम पेनसिल्व्हेनियातील एका निसर्गसंरक्षक संस्थेस दिली आणि १९६४ पासून ते लोकांना पाहण्यास खुले झाले. २०१९ मध्ये राइटच्या आठ वास्तू युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाल्या, त्यांत याचा अंतर्भाव आहे. घरापेक्षा वनभूमीचे दान अधिक दूरदर्शीपणाचे होते, असे म्हटले पाहिजे. भोवतालची झाडी गेली असती व तेथे विश्रामगृहांची रांग उभी राहिली असती, तर या घराच्या रचनेला अर्थच उरला नसता.

पाण्याकाठच्या घराचे अगदी उलट उदाहरण म्हणजे मीएस व्हान डेर रोए (१८८६–१९६९) याने इलिनॉय राज्यात फॉक्स नदीच्या पूरमैदानात बांधलेले फार्न्सवर्थ हाउस (१९५१). शुभ्र पोलादी खांबांवर जमिनीपासून सु. १.६ मी. उचललेली ही काचेची पेटी निसर्गात मिसळण्याचा मुळीच आव आणीत नाही. निसर्ग अलिप्तपणे न्याहाळते. जमिनीला स्पर्श न करण्यातही एक प्रकारचा आदर आहे, हे मान्य करावे लागते. पुराची पातळी मात्र तिच्या रचनाकाराने कमी धरली. १९५४, १९९६ व २००८ या वर्षी नदीचे पाणी घरात शिरले. मिसळणारे घर असो वा अलिप्त राहणारे, पाण्याचा हिशेब दोहोंनाही द्यावा लागला.

भारतात या दिशेने झालेले काम आकाराने लहान, पण मोलाचे आहे. जन्माने इंग्रज असलेले लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनी तिरुअनंतपुरम येथे तीव्र उताराच्या खडकाळ टेकडीवर स्वतःचे ‘द हॅम्लेट’ हे घर थोडे थोडे वाढवीत नेले. झाड तोडण्यापेक्षा भिंत वळविणे त्यांना सोपे वाटे. विटांच्या जाळीदार भिंती, फेकून दिलेल्या जुन्या दारेखिडक्या आणि जवळची सामग्री यांच्या साहाय्याने त्यांनी अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठीही घरे बांधली. निसर्गानुरूप घर हा धनिकांचा छंद असतो, या आक्षेपाला त्यांच्या कामाइतके सबळ उत्तर दुसरे नाही.

महाराष्ट्राचा राइटशी थेट दुवा जुळतो तो नारी गांधी (१९३४–९३) यांच्यामुळे. मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयाच्या परिसरात वास्तुकलेचे शिक्षण घेतल्यावर ते अमेरिकेस गेले व टॅलीएसिन येथे काही वर्षे राहिले. परतल्यावर त्यांनी लोणावळा, रायगड जिल्ह्याचा किनारा इ. ठिकाणी घरे बांधली. आराखडे ते क्वचितच काढीत. बहुतेक निर्णय जागेवर, गवंडी व सुतार यांच्यासह काम चालू असताना घेत. दगड व वीट यांच्या कमानी आणि जमिनीपर्यंत उतरलेली छपरे ही त्यांच्या घरांची लक्षणे होत. कागदपत्रांअभावी त्यांच्या कामाचा अभ्यास दीर्घकाळ झाला नाही. घरे खासगी असल्याने ती पाहणेही सुलभ नाही.

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर आज ‘निसर्गाच्या कुशीतील’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बंगल्यांचा वरील विचाराशी संबंध बहुधा नावापुरताच असतो. डोंगर यंत्राने कापून चौथरे पाडावयाचे, ओहळ बुजवून रस्ते करावयाचे आणि नंतर भिंतींना दगडी कातळाचा पातळ मुलामा द्यावयाचा, ही रीत सर्रास आढळते. केंद्र शासनाने महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ मध्ये आणि माथेरान २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केला व तेथील बांधकामांवर निर्बंध घातले. निर्बंधांनी घरांची संख्या, उंची व वृक्षतोड यांवर मर्यादा घालता येते. पहिल्या पावसाळ्यात जागेवर जाऊन पाणी कोणत्या वाटेने उतरते हे पाहून मगच पाया आखावयाचा, हे मात्र घर बांधणाऱ्यावरच राहते. आणि त्यासाठी लागणारे एक वर्ष थांबण्याची तयारी फार थोड्यांची असते.